गोजराबाईनं न घेतलेलं नाव

गोजराबाईसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि माझी उभी नोकरी मुळशी तालुक्यातल्या हट्टी बायकांची बाळंतपणं करण्यात गेली आहे. कळा सुरू झाल्यावर भात लावायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात. दवाखान्याच्या खाटेवरून उठून म्हशीची धार काढायला निघालेली बाई मी पदर धरून परत आणली आहे. पण त्या सगळ्या एका पारड्यात आणि गोजराबाई दुसऱ्या पारड्यात टाकली, तर गोजराबाईचंच पारडं खाली जाईल. तिच्या पायी मी जितका संताप केला तितका माझ्या सख्ख्या नवऱ्यासाठीही केला नाही.

मी लीलाबाई, पौडच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. गोजराबाई धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत राहायची. शिकेकाई, हिरडे, करवंदं, कधी मध, असं रानातलं जे मिळेल ते डोक्यावर घेऊन ती पौडच्या आठवडे बाजाराला यायची आणि बांगडीवाल्या रोशनबीच्या शेजारी पटकूर अंथरून बसायची. आवाज असा की दवाखान्याच्या ओसरीवर बसून मला शिकेकाईचा भाव कळायचा. एकदा सांगितलेला भाव ती उतरवत नसे. गिऱ्हाईक पुढं जायचं, बाजार फिरायचं, परत यायचं, आणि गोजराबाई म्हणायची, "आलीस का माघारी? मला ठावं व्हतं." आणि मग हसायची. तिचं हसू फार मोकळं होतं. समोरच्यालाही हसू यायचं आणि तो दोन मुठी जास्त घेऊन जायचा.

हे हसूच तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत खुपलं. नवरा कोळशाच्या लॉरीवर क्लीनर होता. नाव सावळ्या. मी नाव घेते, माझं काही अडलेलं नाही, आणि या हकिकतीत जिथं जमेल तिथं घेणार आहे. कुणी तरी घ्यायलाच पाहिजे.

सावळ्याचं म्हणणं एकच. बाजारात बसायचं नाही. परक्या पुरुषांशी दात काढून बोलायचं नाही. गोजराबाईचं उत्तरही एकच. "हसल्याबिगर शिकेकाई कोण घेतंय?" घरात खायला लागायचं ते ह्याच शिकेकाईतून यायचं, कारण सावळ्याची कमाई वाटेतच जिरायची. दोघांची रोज वादावादी. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, ती गाठोडं बांधत अंगणात बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. लॉरीच्या बॅटरीत घालायचं तेजाब एका बाटलीत असतं. ती बाटली सावळ्या आदल्या दिवशी घरी घेऊन आला होता. तो समोर येऊन उभा राहिला. "ह्ये थोबाड घिऊन कशी जातीस बघतो," म्हणाला, आणि बाटली तिच्या तोंडावर रिकामी केली.

किंकाळी ऐकून तिचा धाकटा दीर भिवाजी शेतातून धावत आला. शेजारची माणसं जमली. आणि मग ह्या शहाण्यांनी काय करावं? एकानं ताक ओतलं. एकीनं चुलीतली राख थापली. एका म्हातारीनं घोंगडीनं तोंड गुंडाळून टाकलं. दारात पाण्यानं भरलेला रांजण होता, हो! भरलेला रांजण! त्यातलं एक भांडं कुणी तिच्या तोंडावर मारलं नाही. भाजल्यावर पाणी लावलं की फोड येतात म्हणे. मी पुढं कित्येक वर्षं वाडीवाडीत जाऊन तेजाबाला पाणीच, भरपूर पाणी, असं घसा फोडून सांगत आले. अजूनही राखच थापतात.

लॉरीचा ड्रायव्हर बाबालाल भला माणूस. त्यानं तिला कोळशाच्या पोत्यांवर घालून पौडला आणली. मी राख धुतली, घोंगडीचे धागे काढले, घागरीमागून घागर ओतत राहिले. चेहरा मला बघवेना. डोळे गेलेत हे मला तेव्हाच कळलं. ती दातांवर दात दाबून पडली होती. मी कानाशी वाकून विचारलं, "कुणी केलं गं हे?"

"घरधनी," ती म्हणाली.

स्वच्छ ऐकलं मी. संशयाला जागा नव्हती. मला वाटलं, निदान हा प्रश्न तरी सुटला. हवालदार येईल, लिहून घेईल आणि सावळ्याला बेड्या घालून घेऊन जाईल.

हवालदार आला तो दिवस कलल्यावर. तोवर तिचे ओठ सुजून बंद झाले होते. त्यानं मला खोलीबाहेर काढलं. जबाब घेताना तिसरं माणूस नको म्हणे, कायदा आहे. मी दाराशी उभी राहिले. आतून त्याचा आवाज येत होता. "नाव काय त्याचं? अगं बाई, नाव सांग. नाव!" थोड्या वेळानं विचारतो, "नाव ठाऊक नाही का? नाही ना?" मग तो अंगठा उठवून घेऊन बाहेर आला आणि टोपी घालत मला म्हणाला, "अनोळखी इसम. बाईला नाव सांगता येत नाही."

मी म्हटलं, "अहो हवालदार, तिचा नवरा आहे तो! मला सांगितलंय तिनं."

"तुम्ही पाहिलंत का टाकताना?"

"मी कशी पाहणार? मी इथं होते."

"मग? मी विचारलं, तिनं मान हलवली. मी तेच लिहिणार."

"ती नाही म्हणाली ते नाव घेणार नाही म्हणून! तुमची बायको घेते का तुमचं नाव?"

यावर तो लाजला, मेला. खरंच लाजला. म्हणाला, "आता माझ्या घरचं कशाला काढता बाई?" आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. ह्याच तालुक्यात जन्मलेला माणूस. आई, बहीण, बायको, कुणाच्या तोंडून त्यानं कधी त्यांच्या नवऱ्याचं नाव ऐकलेलं नाही. आणि भाजलेल्या बाईनं नावाला मान हलवली तर ह्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. मी त्या सायकलच्या धुळीकडे बघत दात खात उभी होते.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. सावळ्या स्वतः दवाखान्यात आला. अनोळखी इसमाचा शोध चालू, मग नवऱ्याला कोण अडवणार? डोक्याला फडकं गुंडाळून तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. येणारा-जाणारा त्याची समजूत घालत होता. हॉटेलवाल्यानं त्याला चहा पाठवला. मला विचारतो, "नर्सबाई, डोळं येत्याल का?" माझ्या हातात उकळत्या पाण्याचं भांडं होतं. ते मी त्याच्या डोक्यावर ओतलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

त्याची आई तानुबाई तर थेट खोलीत शिरली. सुनेच्या उशाशी बसून हलक्या आवाजात सांगू लागली, "फळीवरनं बाटली पडली म्हन. घरातलं घरात ऱ्हाऊ दे. तुला आता कोण संभाळणार हाय? त्योच की." गोजराबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तानुबाईला दंडाला धरून बाहेर काढलं. ती जाताना मलाच म्हणाली, "तुमाला काय कळतंय संसाराचं?"

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला हलवल्यावर मी रजा काढून भेटायला गेले. रोशनबी बरोबर होती. तोवर गोजराबाईचे ओठ मोकळे झाले होते आणि तपास एका तरण्या फौजदाराकडे गेला होता. मी त्याला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "साहेब, हात जोडते, तिला नाव विचारू नका. तो तुझा कोण लागतो, एवढंच विचारा." त्याला हसू आलं, पण त्यानं विचारलं.

"घरधनी," गोजराबाई ताबडतोब म्हणाली. मग सगळं सांगितलं. बाटली कुठली, तो काय बोलला, कुठं उभा होता, ऊन कुठं होतं. कुठं अडखळली नाही. त्या संध्याकाळी सावळ्याला धरला.

मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी मला आणि रोशनबीला बोलावून घेतलं. थकलेले गृहस्थ होते. म्हणाले, "बघा, पाहणारं दुसरं कुणी नाही. सगळी भिस्त हिच्या तोंडावर. जखमी माणसाच्या शब्दाला कोर्टात वजन असतं, एकटीच्या शब्दावरही शिक्षा होते. पण पहिल्या जबाबात अनोळखी इसम आहे. समोरचा वकील तेच धरून बसणार. पंधरवड्यानं नवरा कुठून आला, नर्सनं पढवलं, असं म्हणणार. हिनं कोर्टात उभं राहून खणखणीत नाव घेतलं पाहिजे. ते झालं नाही तर मी काही सांगू शकत नाही."

नाही झालं तर काय होणार ते आम्हाला त्यांनी सांगायला नको होतं. तानुबाई बाजारात उघड म्हणत होती की ल्योक सुटला की सून घरी नेणार. लग्नाची बायको ती. दोन्ही डोळे गेलेली, माहेरचं कुणी उरलेलं नाही. रोशनबीनं तिला आपल्या घरी ठेवून घेतली होती, पण नवरा दारात येऊन उभा राहिला तर रोशनबी काय म्हणून अडवणार? त्याच अंगणात, त्याच माणसाच्या हाताखाली, ह्यावेळी दिसतही नसताना. हे गोजराबाईला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला वाटलं, एवढं ठाऊक असल्यावर बाई नाव घेईल.

"न्हाई," ती म्हणाली.

आम्ही रोशनबीच्या घरी बसलो होतो. बांगड्यांच्या पेट्यांमध्ये जेमतेम तिघींपुरती जागा. मी चांगल्या शब्दांत समजावलं. मग वाईट शब्दांत समजावलं. "अगं, ज्यानं तुझी ही दशा केली त्याची कसली भीड धरतेस? कसली लाज? कसला पतिव्रताधर्म कवटाळून बसलीस? तीन अक्षरं आहेत, म्हणून टाक!"

"न्हाई घेत."

"का पण?"

"न्हाई घेत. बास."

रोशनबी म्हणाली, "आसं कर गोजरा, आमी दोगी कान झाकतो. तू हळूच घिऊन बघ. येकदा जीभ सरावली का कोर्टात येईल." आणि खरंच तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. मीही झाकले. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईनं तिथं बांगड्यांच्या पेटीवर बसून कान झाकले! गोजराबाई आमच्या दोघींमध्ये तोंड मिटून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "झाकलं का? मग आता काडा. च्या करू का?"

ती करणार होती चहा, डोळे नसताना. मी चप्पल घालून तरातरा निघून आले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही नव्हतं, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी शिकेकाई कुटून पाठवली.

खटल्याच्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं पुण्याला गेलो. आरोपीच्या पिंजऱ्यात सावळ्या स्वच्छ पांढरी टोपी घालून उभा होता. गोजराबाईनं डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, मी हाताला धरून तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नेलं आणि तिचा हात कठड्यावर ठेवला. न्यायाधीश वयस्क होते, फार न बोलणारे. त्यांनी तिला बसायला स्टूल द्यायला सांगितलं. ती बसली नाही.

सरकारी वकिलांना तिनं सगळं नीट सांगितलं. कुणी टाकलं? "घरधन्यानं." घरधनी म्हणजे कोण, नाव सांगा. गप्प. वकिलांनी पुन्हा विचारलं. गप्प. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हा सगळा माझाच उद्योग. मग ते खाली बसले.

सावळ्याचा वकील उठला. काळा कोट झटकला. गोड बोलणारा माणूस होता, मला असली माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत.

"बाई, हवालदारांनी तुम्हाला नाव विचारलं होतं?"

"व्हय."

"तुम्ही सांगितलं नाही."

"न्हाई."

"मान हलवलीत."

"व्हय."

"कारण माणूस अनोळखी होता."

"न्हाई!"

"मग ओळखीचा होता, तर नाव का सांगितलं नाही? ही नर्सबाई भेटून गेली, मग तुम्हाला आठवलं, असंच ना?"

मी बाकावरून उठले. शिपायानं मला खाली बसवलं. वकिलाची अक्कल बघा. सकाळी त्यानं एका साक्षीदाराला विचारलं होतं की बाटली फळीवरून पडली की नाही. आता अनोळखी माणूस. अरे, धड एक तरी ठरवा! पण मी बोलायची नव्हते, माझी साक्ष आधीच झाली होती आणि तिच्यात मी न विचारलेलं बरंच बोलून न्यायाधीशांची बोलणी खाल्ली होती.

"बरं, आता सांगा," वकील म्हणाला. "इथं कोर्ट आहे, घाबरायचं कारण नाही. घ्या नाव." तो थांबला. गोजराबाईही थांबली. मग त्यानं प्रेक्षकांकडे बघून हसत म्हटलं, "सरळ घेता येत नसेल तर उखाण्यात घ्या. बायका घेतात की!"

कोर्टात हशा पिकला. सावळ्याही हसला.

गोजराबाईनं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. पदर मागं सरकला आणि तिचा चेहरा सगळ्यांना दिसला. ती म्हणाली, "वकीलसाहेब, उखाणा हळदीला घेत्यात. हौसंनं घेत्यात. हितं कुनाची हळद हाय?"

हशा तिथंच थांबला. वकील कागद चाळायला लागला. मग म्हणाला, "मला एवढंच कोर्टाच्या नजरेला आणायचं आहे, की साक्षीदाराला आजही नाव सांगता येत नाही." आणि खाली बसला. मी मनाशी संपलं म्हटलं. बाईनं आपल्या हातानं त्याला सोडवला. मी रोशनबीला म्हटलं, "आता हिला कुठं लपवायची बघ."

तेवढ्यात न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या वाडीचा पाटील कोण?"

"जयसिंग पाटील," गोजराबाई म्हणाली.

"तुमच्या धाकट्या दिराचं नाव?"

"भिवाजी."

"कोळशाची लॉरी कुणाची आहे?"

"हाफीजशेठची."

"ड्रायव्हर कोण?"

"बाबालाल. त्येनंच मला पौडला आणली."

"क्लीनर कोण?"

गोजराबाईचं तोंड मिटलं. हात कठड्यावर घट्ट झाले. न्यायाधीश काही बोलले नाहीत, वाट बघत राहिले. वाट बघणं तिला सहन झालं नाही. माझ्यासारखाच तिचाही संताप झाला. इतके महिने आम्ही सगळ्यांनी तिला छळलं होतं, नाव, नाव, नाव. आणि बाजारातला तो जुना आवाज तिनं काढला.

"आवो सायेब, दुसऱ्या कुनी टाकलं आसतं, तर म्या त्या हवालदाराला पयल्या झटक्याला नाव सांगितलं नसतं का? पाटलानं टाकलं आसतं, पाटील म्हनले असते. ड्रायव्हरनं टाकलं आसतं, ड्रायव्हरचं नाव घेतलं असतं. सगळ्या मुलखात येकच नाव हाय जे माझ्या तोंडात येत न्हाई. तेच तुमी मला सारखं इचारताय!"

न्यायाधीशांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. ते बराच वेळ लिहीत होते. सावळ्याची टोपी त्याच्या हातात आली होती. त्याच्या वकिलानं काही तरी म्हणायला तोंड उघडलं, न्यायाधीशांनी मान वर न करता डावा हात वर केला आणि तो बसला.

मी तिथं बाकावर तोंडात पदर कोंबून बसले होते. ज्या गोष्टीवरून मी तिला शिव्या घातल्या, चप्पल घालून निघून गेले, तीच गोष्ट ती साक्ष म्हणून त्यांच्यापुढं ठेवून मोकळी झाली होती, आणि तेही रागाच्या भरात. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला पुन्हा तिचाच राग आला. हे एवढं वाक्य बाईनं आधी बोलू नये का? रोशनबीच्या घरी? वकिलांसमोर? आम्हाला कान झाकायला लावण्याआधी?

निकाल काही दिवसांनी लागला. निकालाला सुद्धा गोजराबाईनं मला ओढत नेलं. न्यायाधीशांनी वाचलेलं बरंचसं इंग्रजीत होतं, मग त्यांनी मराठीत थोडक्यात सांगितलं. जिचा स्वतःचा चेहरा जळाला ती बाई खऱ्या गुन्हेगाराला मोकळा सोडून भलत्याला कशाला अडकवेल? ती तिथं होती याला तिचा चेहराच पुरावा आहे. पहिल्या जबाबात नाव नाही, कारण जबाब घेणाऱ्यानं तिला येईल असा प्रश्न विचारला नाही. तिचं गप्प राहणं अज्ञानाचं नव्हतं, हे या कोर्टानं समक्ष पाहिलं. आरोपीला सात वर्षं सक्तमजुरी.

तानुबाईनं कोर्टाच्या आवारात आकांत केला. गोजराबाईला उद्देशून नको ते बोलली. गोजराबाई तिच्या आवाजाकडे तोंड करून ऐकत उभी राहिली आणि तिचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आत्याबाई, उन्हात बसू नगासा. सावलीला बसा." सासूला! त्या सासूला! मी तिला हाताला धरून फरफटत एसटी स्टँडवर आणली.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. ती खिडकीशी, मी मध्ये, रोशनबी कडेला. चांदणी चौकाचा चढ चढून गाडी भूगावच्या अंगाला उतरायला लागली, वारं आत यायला लागलं. गोजराबाईनं तोंड वाऱ्याला लावलं होतं. रोशनबीला डुलकी लागली. मला मात्र स्वस्थ बसवेना. माझा स्वभावच तसा. इतके दिवस पोटात साठलेलं वर आलं.

मी म्हटलं, "गोजरा, झालं ना आता? शिक्षा झाली. कोर्ट नाही, वकील नाही, कुणी लिहून घेत नाही. आता तरी एकदा त्याचं नाव घे. मोठ्यानं घे. शिवी घालून घे. तुझं मन तरी मोकळं होईल."

"न्हाई वो."

"अजून नाही? अजून? सात वर्षं खडी फोडायला गेला तो, अन् तू अजून त्याची बायको बनून त्याचा मान राखत बसलीस? माझं डोकं फिरायची वेळ आणलीस. मला एकदा सांग, एवढी कसली गं माया तुझी त्याच्यावर?"

तिनं तोंड खिडकीकडून माझ्याकडे फिरवलं. तिच्या ओठांची एक कड कायमची ओढली गेली होती, त्यामुळं ती हसते आहे की नाही ते कळायला वेळ लागायचा. मला वाटतं ती हसत होती.

"माया?" ती म्हणाली. "नर्सबाई, बाईनं नाव घेतलं का घरधन्याचं आयुष्य कमी व्हतं म्हनत्यात. खरं का खोटं, देवाला ठावं. पर त्येला आता सात वर्सं दिल्यात. तो मदीच मेला तर? सुटलाच की. मला त्यातला येक दीस कमी व्हायला नको."

मग ती पुन्हा वाऱ्याला तोंड लावून बसली. पिरंगुट आलं, गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि मी मनातल्या मनात सात वर्षांचे दिवस मोजत बसले.